पाखरांचे दुकान आणि एक ससा : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

पुण्याच्या एका जुन्या पेठेत, भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत, जेमतेम बारा फूट रुंदीचे एक पाखरांचे दुकान आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही तिथून बजींची, म्हणजे घरोघर पिंजऱ्यात दिसणाऱ्या छोट्या रंगीत पाखरांची, एक जोडी घेतली आणि त्या खरेदीच्या समाधानातच ऑगस्टमध्ये एक ससाही घेतला. पिंजरे, दाणे, औषधे आणि सल्ला यांसाठी तेव्हापासून त्या दुकानाची पायरी मी पंचवीस-तीस वेळा तरी चढले असेन, त्यामुळे हा अभिप्राय एका भेटीवरून दिलेला नाही. निष्कर्ष आधीच सांगून टाकते: पक्ष्यांसाठी या दुकानात निःशंकपणे जावे, सशासाठी जाऊ नये. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे जी तक्रार येणार आहे ती त्या एकट्याची नाही. ससे विकणारी आणखी चार दुकाने मी नंतर हिंडून पाहिली, आणि चारही ठिकाणी तोच पिंजरा, तेच खाद्य आणि तोच सल्ला मिळाला.

मालक साठीच्या पुढचे आहेत आणि गिऱ्हाईक त्यांना काका म्हणते. दुकानात शिरताना पहिल्यांदा जाणवते ती घाणीच्या वासाची अनुपस्थिती. पक्ष्यांच्या पिंजऱ्यांखालचे कागद सकाळी दहाच्या आत बदललेले असतात, पाण्याच्या वाट्या घासलेल्या असतात, आणि आजारी वाटणारे पाखरू मागच्या खोलीत वेगळ्या पिंजऱ्यात, फडके टाकून ठेवलेले असते. प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तिचे प्रमाणपत्र गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी, चौकटीत लावलेले आहे. मात्र पावती मागितली तेव्हा काकांनी तिच्यावर ‘पिंजरा व साहित्य’ एवढेच लिहिले आणि पक्ष्यांची किंमत तोंडी सांगितली. त्या वेळी मला ते विशेष खटकले नाही. सशाच्या वेळी मात्र ते महागात पडले.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला पोपट हवा होता. काकांनी तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहून सांगितले, “पोपट मिळणार नाही, ताई, आणि दुसरीकडे कुणी देत असेल तरी घेऊ नका.” आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो पकडणे, विकणे आणि पाळणे, तिन्ही गुन्हे आहेत. लाल मुनिया, हिरवी मुनिया आणि रानससा यांनाही तोच कायदा लागू आहे. माझ्या आजोळी पडवीत पोपटाचा पिंजरा वर्षानुवर्षे टांगलेला होता आणि येणाराजाणारा त्याला ‘विठू विठू’ म्हणवून घेत असे, त्यामुळे हे ऐकताना मला स्वतःलाच थोडे ओशाळल्यासारखे झाले. काकांनी मग दुसरा घोळही निस्तरला. आपल्याकडे घरोघर ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजी असतो. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, लांब शेपटीचा आणि सडपातळ. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा. खऱ्या लव्हबर्डच्या काही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्यांची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते. बजी आणि कॉकाटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, त्या यादीत नाहीत. विकण्याच्या घाईत असलेला माणूस गिऱ्हाइकाला एवढे सांगत बसत नाही.

त्यानंतर काकांनी आम्हाला एका मोठ्या पिंजऱ्यासमोर स्टूल देऊन बसवले आणि ‘वीस मिनिटे नुसते बघा’ म्हणून स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. त्या पिंजऱ्यात तीसेक बजी होते आणि पहिली पाच मिनिटे आम्हाला केवळ हिरवा-पिवळा-निळा गोंधळ दिसत होता. हळूहळू मात्र दाण्याच्या वाटीवर धावून जाणारे, कोपऱ्यात पिसे फुगवून डोळे मिटणारे, दुसऱ्याला हुसकावणारे असे वेगवेगळे पक्षी दिसू लागले. काका परत आले आणि त्यांनी वय ओळखायला शिकवले. लहान बजीच्या कपाळावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट चोचीवरच्या मेणचट पट्टीपर्यंत उतरलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. तीन-चार महिन्यांचा झाल्यावर पहिली पिसे झडतात, कपाळ स्वच्छ होते आणि पुढे बुबुळाभोवती पांढुरकी कडी उमटते. प्रौढ नराची ती पट्टी निळी असते, मादीची तपकिरी. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या बजींमध्ये मात्र ही खूण फसवते. माणसाळवायचा असेल तर कपाळावर रेघा असलेलाच घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता आणि तो पुढे खरा ठरला.

आम्ही दाखवलेल्या दोन पक्ष्यांपैकी एक त्यांनी पिंजऱ्यात हात घालून एका झटक्यात पकडला. पक्ष्याची पाठ त्यांच्या तळहातावर होती, मान पहिल्या दोन बोटांच्या मध्ये अलगद अडकवलेली होती, आणि छातीवर कसलाही दाब नव्हता, कारण पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावी लागते आणि मुठीत आवळलेला पक्षी गुदमरून मरतो. त्यांनी छातीवर हलकी फुंकर मारली. पिसे दोन्हीकडे विंचरल्यासारखी झाली आणि मधले उभे हाड दिसले. त्यावरून बोट फिरवून ते म्हणाले, “हे सुरीसारखं लागतंय. याने दाणे सोडलेत. हा नको.” स्वतःच्या दुकानातला माल त्यांनी माझ्यासमोर बाद करून मागच्या खोलीत पाठवला. दुसऱ्या पक्ष्याच्या हाडाच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, शेपटीखालची पिसे कोरडी आणि स्वच्छ होती, नाकपुड्या मोकळ्या होत्या. मी पाच-सहा वर्षे एका बँकेत कर्जमागण्यांची छाननी केली आहे. इतक्या कमी वेळात इतकी पक्की छाननी मला कधी जमली नाही.

पिंजऱ्याच्या बाबतीतही त्यांनी मला एका चुकीपासून वाचवले. मला घुमटाच्या आकाराचा गोल पिंजरा आवडला होता. बजी वर-खाली नव्हे, आडवा उडतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची असते आणि गोल पिंजऱ्यात त्याला धड कोपराही मिळत नाही, असे सांगून त्यांनी अडीच फूट लांबीचा चौकोनी पिंजरा काढून दिला. तारांमधले अंतर अर्ध्या इंचाहून कमी हवे, नाहीतर डोके अडकते; हे त्यांनी पट्टी लावून दाखवले. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या तारेवरची पूड चोचीवाटे पोटात गेली तर विषबाधा होते, म्हणून पिंजरा वापरण्याआधी पांढऱ्या सिरक्याने ब्रशने घासून, धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवायला सांगितले. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन एकसारख्या दांड्या त्यांनी स्वतःच काढून बाजूला ठेवल्या आणि पेरूच्या, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावायला सांगितले; एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर दिवसरात्र बसून पक्ष्याच्या तळव्यांना घट्टे पडतात. आमच्या सोसायटीत पेरूचे झाड असल्यामुळे हा खर्च शून्य झाला.

अंडी घालण्यासाठी टांगायचे मडके मी मागितले, तेव्हा काकांनी ते विकायला नकार दिला. बजी पोकळी मिळाल्याशिवाय सहसा वीण करीत नाहीत. मडके टांगले की मादी लहान वयातच अंड्यांवर अंडी घालून झिजते, आणि पिल्ले कोणाला द्यायची हा प्रश्न वेगळाच. खाद्याचा हिशोबही साधा होता: राळे, ज्याला या धंद्यात कांगणी म्हणतात, त्यात थोडी बाजरी, आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या सागरी जीवाचे हाड. हा समुद्रफेस त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या वेष्टणात मिळतो, पण त्यांनी मला सरळ काष्ठौषधींच्या दुकानात पाठवले, कारण तिथे तोच सुटा, निम्म्याहून कमी पैशांत मिळतो. शेवटी एका चिठ्ठीवर त्यांनी लिहून दिले: ‘नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये. उदबत्ती त्या खोलीत नको. पंखा बंद करूनच पिंजरा उघडावा.’ फार तापलेल्या नॉनस्टिक भांड्यातून निघणाऱ्या वायूने छोटा पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. ती चिठ्ठी अजून आमच्या शीतकपाटाच्या दारावर आहे.

पक्ष्यांच्या बाजूने तक्रारीला जागा अगदीच नाही असे नाही. काकांचा हिरव्या भाजीवर विश्वास नाही. ‘दाणा हेच पाखराचे अन्न’ हे त्यांचे ठाम मत. पशुवैद्यांनी मात्र नुसत्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व कमी पडते असे सांगून कोथिंबीर, मेथी आणि किसलेले गाजर रोज थोडे द्यायला लावले. आमच्या बजींनी पहिले तीन आठवडे कोथिंबिरीच्या काडीला शत्रू मानले आणि चौथ्या आठवड्यात ती ओली करून टांगताच तिच्यात अंग घुसळून आंघोळ केली. खाणे त्यानंतर सुरू झाले. पावसाळ्यात एकदा राळ्याच्या पिशवीत किडे निघाले. ती पिशवी त्यांनी न बोलता बदलून दिली. सुट्टीत गावी जाताना पक्षी सांभाळण्याची सोयही ते अत्यल्प रोजाने करतात आणि पक्षी परत मिळतात ते वजन न घटलेले. बजी मुलीच्या बोटावर दुसऱ्या महिन्यात बसू लागला, हे यश मी काका आणि मुलगी या दोघांमध्ये वाटून देते.

आता ससा.

दुकानाच्या डाव्या भिंतीला खालच्या बाजूला सशांचे पिंजरे आहेत आणि ते काकांचा पुतण्या पाहतो. मुलगा गोड बोलणारा आहे, लबाड नाही. माझी तक्रार त्याच्या हेतूविषयी नाही. पण तो ज्या दुकानात वाढला ते पाखरांचे दुकान आहे आणि त्याच्या लेखी ससा म्हणजे पंख नसलेले, थोडे मोठे पाखरू. हे लक्षात आल्यावर पुढच्या सगळ्या चुका एका सूत्रात बसतात. सशांचे पिंजरे बजींच्या पिंजऱ्यांखाली होते, त्यामुळे वरून दाण्यांची टरफले आणि विष्ठा सशांच्या पाठीवर पडत होती. पिंजऱ्याचा तळ पक्ष्यांच्या पिंजऱ्यासारखाच तारेचा होता, म्हणजे लेंड्या खालच्या ताटात पडाव्यात. समोर वाटीत खाद्य होते तेही दाण्यांचेच: मका, सूर्यफुलाच्या बिया आणि लाल-हिरव्या रंगाच्या कडक वेटोळ्या. गवताची एक काडी कुठे नव्हती. काकांनी पाखराच्या छातीचे हाड बोटाने तपासले होते. पुतण्याने ससा मानगुटीला धरून, मागचे पाय लोंबकळत ठेवून उचलला आणि मुलीच्या हातात दिला. सशाचा पाठीचा कणा नाजूक आणि मागच्या पायांचे स्नायू जबर असतात. अधांतरी धरलेला ससा जोराने लाथ झाडतो तेव्हा स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. छातीखाली एक हात आणि ढुंगणाखाली दुसरा, ही सशाला उचलण्याची साधी रीत मला नंतर पशुवैद्यांच्या टेबलावर शिकावी लागली.

मी वय विचारले. ‘एक महिन्याचा, बाळ आहे, लगेच लळा लागेल,’ असे उत्तर मिळाले. सशाचे पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहायला हवे. चौथ्या आठवड्यात त्याचे पोट दुधावरून गवतावर येत असते आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याला तोडले की जुलाबांनी दगावण्याचा धोका मोठा असतो. मला हे ठाऊक नव्हते. दुकानाला ठाऊक असायला हवे होते. ‘जोडीच घ्या, दोन्ही माद्या आहेत’ असा आग्रह झाला. सुदैवाने आमच्या खिशाने तो मानला नाही, कारण आम्ही घेतलेली मादी चार महिन्यांनी नर निघाली. तिचे नाव मुलीने जुई ठेवले होते आणि तो अजूनही जुईच आहे. दुसरी ‘मादी’ खरोखरच मादी निघाली असती तर गर्भकाळ एकतीस दिवसांचा, आणि पिल्ले झाल्यावर लगेच पुन्हा गाभण राहण्याची क्षमता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी. पावतीवर प्राण्याचा उल्लेखच नसल्यामुळे वय, लिंग, काही काही दाखवता येईना.

सोबत मिळालेला सल्ला असा होता: वाटीतले दाणे पोटभर द्या, रोज एक गाजर द्या, पोळी आवडीने खातो, आणि पाणी फारसे देऊ नका, ससा पाणी पीत नाही. शेवटचे वाक्य मी नंतर इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे की त्याला म्हण म्हणायला हरकत नाही. जुई दिवसाला मोठी वाटी भरून पाणी पितो. पाणी तोडलेला ससा आधी खाणे सोडतो आणि मग आजारी पडतो. मालकाला आजारच तेवढा दिसतो.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी जुईने गाजराकडे पाहिले नाही. लेंड्या आदल्या दिवसापासूनच बारीक, मिरीएवढ्या झाल्या होत्या, आणि त्या सकाळपासून ताट कोरडे होते. तो पोट जमिनीला दाबून, डोळे अर्धे मिटून, कोपऱ्यात बसला होता आणि दात कराकरा घासत होता. दुकानात दूरध्वनी केला. ‘गॅस झाला असेल, ओव्याचे पाणी पाजा, उद्या बघू,’ असे पुतण्या म्हणाला. त्याच रात्री आम्ही पशुवैद्यांकडे गेलो म्हणून आज मी हा अभिप्राय लिहिते आहे, श्रद्धांजली नाही. सशाचे आतडे थांबले होते. सशाला उलटी करता येत नाही. त्याच्या पोटातला माल सतत पुढे सरकत राहायला हवा आणि त्याला ढकलणारी गोष्ट म्हणजे गवतातला लांब, खरखरीत चोथा. दाणे, पोळी आणि गाजर यांत पिष्ट आणि साखर भरपूर, चोथा नाही. मग आतड्याची गती मंदावते, आतल्या उपयोगी जंतूंची जागा वायू करणारे जंतू घेतात, दुखते म्हणून प्राणी खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थांबते. दहा-बारा तास काही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा, उद्याचा नव्हे. जुईला कातडीखाली सलाइन, वेदनाशामक आणि सिरिंजने पातळ खाद्य यांवर तीन दिवस काढावे लागले. बिल सशाच्या किमतीच्या नऊपट झाले.

त्या तीन दिवसांत डॉक्टरांनी त्याचे तोंडही तपासले. सशाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात जन्मभर वाढत राहतात, आणि दाढा झिजतात त्या गवत आडवे रवंथल्यासारखे चघळण्यामुळे. दाणा एका फटक्यात फुटतो, त्याला चघळावे लागत नाही. म्हणून दाण्यांवर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोके फुटून ती जिभेला आणि गालाला लागतात. जुईच्या बाबतीत हे नुकते सुरू झाले होते. मागच्या पायांच्या तळव्यांवरची लव गेली होती आणि तिथे लाल चट्टे दिसत होते. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, नुसती दाट लव असते, आणि तारेच्या तळावर ती टिकत नाही. एकाच प्राण्याच्या अंगावर दुकानाने दिलेल्या तीन वस्तूंची, म्हणजे खाद्याची, पिंजऱ्याची आणि सल्ल्याची, अशी तपशीलवार परीक्षा झाली आणि तिन्ही नापास ठरल्या.

त्यानंतर गवताचा शोध. परदेशी टिमथी गवताच्या सुबक पिशव्या ऑनलाइन मिळतात. चांगल्या आहेत, पण एका सशाला महिन्याला लागणारे गवत त्या भावाने घेणे म्हणजे घरात दुसरे मूल शाळेत घातल्यासारखे आहे. दुकानात विचारले तर लसूणघासाची, म्हणजे ल्यूसर्न या हिरव्या वैरणीची, पेंडी दाखवली. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, परंतु त्यात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असल्यामुळे मोठ्या सशाच्या मूत्राशयात गाळ साचतो. सहा महिन्यांनंतर तो रोजचा आहार होऊ शकत नाही. शेवटी शहराबाहेरच्या एका वैरणवाल्याकडे सुके मारवेल मिळाले. त्याने पेंढी तराजूवर ठेवत ‘किती जनावरे आहेत?’ असे विचारले आणि ‘एक ससा’ हे उत्तर ऐकून त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले ती मी विसरणार नाही. मारवेल घरी आणून, धूळ आणि बुरशी पाहून, उन्हात घालून, पत्र्याच्या डब्यात ठेवले की दीड महिना पुरते. जुईच्या अंगाएवढा ढीग रोज, हे आमचे माप. गणपतीच्या दिवसांत दूर्वांची चंगळ होते. देवाला वाहण्याआधी जुडीतून चार काड्या नैवेद्यासारख्या वेगळ्या काढल्या जातात. गाजर आता महिन्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढे.

तारेच्या पिंजऱ्याची जागा चार फूट लांब-रुंद उघड्या कुंपणाने घेतली आहे. त्यात जुनी सतरंजी आणि गवताने भरलेले एक घमेले. ससा गवत खाता खाता त्याच घमेल्यात लेंड्या टाकतो, त्यामुळे खोली स्वच्छ राहते. रात्री तो काही मऊ लेंड्या थेट गुदद्वारापासूनच उचलून खातो. पुतण्याने याला ‘घाणेरडी सवय’ म्हटले होते आणि त्यावर मिरपूड लावायचा उपाय सुचवला होता. ती सवय नव्हे, ते त्याचे दुसरे जेवण आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत तयार झालेली जीवनसत्त्वे त्याला त्यातूनच मिळतात. अठराशे रुपयांचा तो तारेचा पिंजरा आम्ही स्वयंपाकघरात कांदेबटाटे ठेवायला वापरतो. हवा चांगली खेळते.

डिसेंबरात जुई मान खाजवू लागला आणि एवढे होऊनही मी चूक केली: वाटेत होते म्हणून दुकानात विचारले. पुतण्याने मानेवर टाकायचे, कुत्र्यांच्या पिसवांचे थेंब दिले. वेष्टनावर फिप्रोनिल लिहिले होते. घरी येऊन टाकण्याआधी डॉक्टरांना छायाचित्र पाठवले आणि अर्ध्या मिनिटात उलट फोन आला. कुत्र्याला चालणारे ते औषध सशाला जिवावर बेतू शकते. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलीनही सशाच्या आतड्यातले जंतू मारून त्याला संपवू शकते, हे त्यांनी त्याच बोलण्यात बजावले, कारण ते औषध बहुतेक घरांत पडलेले असते. पाखराला चुकीचे खाद्य दिले तर सुधारायला वेळ मिळतो. सशाच्या औषधात तेवढी सवड नसते. दुकानाला मी दिलेला सगळ्यात मोठा उणा शेरा या एका कुपीसाठी आहे.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात: सशाला घाम येत नाही, तो उष्णता कानांतून सोडतो आणि तिशीच्या पुढचा पारा त्याला सोसत नाही. एप्रिलमध्ये बजी चोच किंचित उघडून, पंख अंगापासून दूर धरून निभावून नेतात. जुईसाठी ओली फरशी, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि कानांवर ओला हात लागतो. ‘आंघोळ घाला’ हा दुकानाचा सल्ला पाळू नये. भिजलेला ससा घाबरून आणि गारठून आजारी पडतो.

हे सगळे मी जानेवारीत काकांना जाऊन सांगितले. गल्ल्यावर गर्दी नव्हती. त्यांनी मध्ये न बोलता ऐकले, औषधाची कुपी हातात घेऊन चष्मा वर करून वाचली, आणि पुतण्याला बोलावून ती मांडणीवरून काढायला लावली. मग म्हणाले, “ताई, आम्ही पाखरांची माणसं. ससे लोक मागतात म्हणून ठेवतो.” या वाक्यात प्रामाणिकपणा आहे; सबब म्हणून ते पुरत नाही. जे विकू नये ते लोकांनी मागितले तरी ठेवायचे नाही, हे माझ्या मुलीने पोपट मागितला तेव्हा त्यांनीच मला एका वाक्यात सांगितले होते. कायद्याने अडवलेले पाखरू न विकण्याचा कणखरपणा त्यांच्याकडे आहे, मडके न विकण्याचा आहे. तोच सशाच्या बाबतीत का वापरता येऊ नये, असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, चहा मागवला.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा काही बदल दिसले. सशांचे पिंजरे बजींच्या खालून हलवून समोरच्या भिंतीला लावले आहेत, तळाच्या तारेवर लाकडी फळी टाकली आहे, आणि प्रत्येक पिंजऱ्यात पाण्याची बाटली आहे. दाण्यांची वाटी तशीच आहे. गवत आहे, पण मागच्या खोलीत, ‘कुणी मागितले तर’. पिल्ले अजूनही महिन्याभराचीच विकली जातात, कारण त्या वयात ती गोंडस दिसतात आणि दोन महिन्यांच्या सशाला गिऱ्हाईक कमी भाव देते. हे मला पुतण्यानेच सांगितले.

माझे व्यवहार आता असे आहेत: राळे, बाजरी, पेरूची फांदी नसेल तेव्हा कडुलिंबाची, आणि सुट्टीत बजींचा सांभाळ, हे सगळे याच दुकानातून. जुई सुट्टीत बहिणीच्या घरी जातो, सोबत गवताची गोणी आणि डॉक्टरांचा क्रमांक घेऊन. पाखरू घ्यायला जाणाऱ्यांनी सकाळी दहा ते बाराच्या मध्ये जावे. तेव्हा काका स्वतः असतात, पिंजरे स्वच्छ असतात आणि स्टुलावर बसायला सवड मिळते. दुपारनंतर गल्ल्यावर पुतण्या असतो. पावती कसलीही असो, तिच्यावर प्राण्याचा प्रकार, वय आणि लिंग लिहून घ्यावे. मी परवा राळे घेताना हे सुचवले, तेव्हा काकांनी नवे पावतीपुस्तक काढून दाखवले, त्यात ‘पक्षी’ असा छापील रकाना होता. सशासाठी रकाना नव्हता.